सोमवारी इसारचिठ्ठीची मुदत संपते, मोठ्या बहिणीची सही नाही. तातडीनं काय करू? (जि. यवतमाळ)

धुरेकरी | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसताच वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितो. गाव-तालुका सांगत नाही, गाव लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात.

आमच्या वावराला धुऱ्याला धुरा (बांधाला बांध) लागून एकाचं अडीच एकर आहे. धुऱ्यावर जुना आंबा. ते वावर विकायला निघालं तेव्हा म्हटलं, लोक दहा कोसावर जमीन घेतात, आपल्या तर दाराशी चालून आली. आठ लाख एकरानं सौदा झाला, एकूण वीस लाख. दिवाळीनंतर इसारचिठ्ठी केली, पाचशेच्या स्टॅम्पवर, नोटरी करून. पाच लाख दिले, तीन बँकेतून, दोन नगदी. मुदत येत्या सोमवारपर्यंत. चिठ्ठीत एक ओळ आहे, 'मुदतीत खरेदी करून न घेतल्यास इसाराची रक्कम बुडीत समजण्यात येईल.' सही करताना ती वाचलीच नव्हती. आता झोप येत नाही तिच्यापायी.

सातबाऱ्यावर तीन नावं आहेत, तो आणि त्याच्या दोन बहिणी. बाप वारल्यावर वारसान फेरफारानं चढलेली. चिठ्ठीवर सही मात्र त्याची एकट्याची. तेव्हा म्हणाला, "बहिनी कुठं जातेत, राखीले येतेत, सही देऊन टाकतेत." मीही मान हलवली. धाकटी गावातच दिलेली आहे, ती तयार आहे. मोठी हिंगणघाटला असते, ती आता सही देत नाही म्हणते.

मालकाचं म्हणणं, उरलेले पंधरा आत्ताच दे, रजिस्ट्री मग पाहू. नाही दिले तर सोमवारनंतर सौदा मोडला, इसार बुडाला. दुसरं गिऱ्हाईक दहा लाख एकरानं तयार आहे म्हणे. तालुक्याला दोन वकिलांकडे गेलो. एक लग्नाला गेलेले. दुसरे म्हणाले कोर्टाला उन्हाळी सुट्या आहेत, जूनमध्ये या. जूनमध्ये येऊन मी काय करू?

आणखी एक. मार्चमध्ये मी त्या वावरात नांगरटी मारली, दोन ट्रॉल्या शेणखतही टाकलं. आपलंच झालं म्हणून. शनिवार-रविवार ऑफिस बंद, म्हणजे हातात चारच दिवस. पंधरा लाख देऊन टाकू का?

वऱ्हाडी ठेचा | मंगळवार, रात्री ९:५८

भाऊ, पंधरा लाखातला पंधरा पैसाबी देऊ नको. माह्या मामानं असेच दिले होते, "रजिस्ट्री मग पाहू" म्हणून. ते "मग" अजून आलं नाई. मामा मात्र गेला.

सातबारा बहाद्दर | मंगळवार, रात्री १०:१०

एवढं टेन्शन कशाला? दुय्यम निबंधक कार्यालयात उद्या सकाळी हरकत अर्ज टाका. अर्ज पडला की दुसऱ्याच्या नावानं रजिस्ट्री होतच नाही. पटवाऱ्यालाही एक प्रत द्या. विषय संपला.

पांदण रस्ता | मंगळवार, रात्री १०:३५

मी महसूल खात्यातून निवृत्त झालोय, सर्कल इन्स्पेक्टर म्हणून. बहाद्दर, तुमच्या उत्साहाला नमस्कार, पण हे चुकीचं आहे आणि यापायी लोक फसतात. दुय्यम निबंधक मालकीची शहानिशा करत बसत नाही. दस्त नीट आहे का, मुद्रांक पुरेसा आहे का, सही करणारा तोच माणूस आहे का, एवढंच तो पाहतो. साध्या हरकत अर्जानं नोंदणी थांबत नाही, कोर्टाचा मनाई हुकूम लागतो. आमच्या कचेरीत माणसं हरकत अर्जाची पोच छातीशी धरून यायची आणि तोवर रजिस्ट्री होऊन गेलेली असायची.

पटवाऱ्याकडची हरकत वेगळी. रजिस्ट्री झाली की फेरफार आपोआप पटवाऱ्याकडे येतो, सर्वांना नोटीस निघते, १५ दिवसांत हरकत घेता येते. हरकत आली की प्रकरण तक्रारी नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. पण ते सगळं रजिस्ट्री झाल्यानंतर. फेरफारानं कोणी मालक होत नाही आणि फेरफार अडला म्हणून कोणाची मालकी जात नाही.

धुरेकरी, आधी मला पूर्ण सातबारा सांगा. भोगवटादार वर्ग कोणता? इतर हक्कात काय काय लिहिलंय? विदर्भात हे पाहिल्याशिवाय एक पाऊल टाकू नये. वर्ग २ असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही. सिलिंगमध्ये (कमाल जमीन धारणेच्या कायद्यात) मिळालेली असेल तरी परवानगी. भूदानाची असेल तर विषयच संपला, ती विकता येत नाही. आपल्याकडे भूदान यज्ञाचा कायदा जुन्या मध्य प्रदेशातला, १९५३ चा आहे, आणि विनोबांचं पवनार जवळ असल्यानं वर्धा-यवतमाळकडे अशा जमिनी कमी नाहीत. विकणारा आदिवासी असेल तर महसूल अधिनियमाचं कलम ३६-अ लागतं. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, तीही शासनाची पूर्वमान्यता घेऊन. तिथं नोटरीच्या कागदाला रद्दीचा भाव.

आणि घेणारा शेतकरी असला पाहिजे. त्यासाठी आपल्या भागाला विदर्भाचा १९५८ चा वेगळा कुळकायदा आहे, कलम ८९. पुण्याचे लोक कलम ६३ सांगत असतात, ते त्यांच्याकडचं.

धुरेकरी | मंगळवार, रात्री १०:५०

काका, वर्ग १ आहे. जिरायत. इतर हक्कात गावच्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे, १ लाख ४० हजार. बाकी काही नाही. मी स्वतः शेतकरीच, आठ-अ (खातेउतारा) आहे.

पांदण रस्ता | मंगळवार, रात्री ११:०५

मग निम्मा जीव भांड्यात पडला. बोजाचं असं करा, तेवढी रक्कम मालकाच्या हातात न देता सोसायटीत भरायची, नो ड्यूज घ्यायचं आणि पटवाऱ्याकडून बोजा कमी झालेला सातबारा पाहायचा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, मालकानं दाखवलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. बाकी वकील लोक सांगतील. माझं ज्ञान कचेरीच्या पायरीशी थांबतं.

सेतूवाला | बुधवार, सकाळी ७:१५

मी सीएससी (सरकारी सेवांचं ऑनलाईन केंद्र) चालवतो. वकील सापडत नसेल तर १५१०० या नंबरवर फोन करा, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाईन आहे. तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते. कोर्टाला सुटी असली तरी तिथलं ऑफिस चौकशी करून पाहा. महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर वकील फुकट मिळतो. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल तर उत्पन्नाची अटही नाही. सीएससीतून टेली-लॉ पण करता येतं, वकील फोनवर बोलतो, पैसे लागत नाहीत. फक्त तो सल्ला देतो, तुमच्यासाठी कोर्टात उभा राहत नाही. आमच्या सेंटरवर लोक येतात आणि विचारतात, "हाच वकील तारखेले येईन का?" नाही येणार.

काळा कोट | बुधवार, सकाळी ८:२०

अमरावतीला दिवाणी वकिली करतो. तुमची चिठ्ठी पाहिलेली नाही, म्हणून हे साधारण मार्गदर्शन समजा. पण वेळ कमी आहे, तर सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, घाई कशाची आहे ते ठरवा. तुम्हाला वाटतं सोमवारी रजिस्ट्री झालीच पाहिजे. तसं नाही. सोमवारी ती होऊच शकत नाही, कारण तिघांच्या जमिनीचं पूर्ण खरेदीखत एकटा भाऊ करून देऊ शकत नाही. घाई आहे ती एवढ्याचीच, की "मी तयार होतो, तुम्ही तयार नव्हता" हे सोमवारच्या आत कागदावर आलं पाहिजे. स्थावर मालमत्तेच्या सौद्यात मुदत ही साधारणपणे कराराचा गाभा धरली जात नाही, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं १९९३ मध्येच सांगितलंय. पण खरेदीदारानं आपण पैशानिशी तयार होतो हे दाखवलं पाहिजे, आणि इथंच आपले शेतकरी मार खातात. तोंडानं शंभर वेळा सांगतात, लिहून एकदाही देत नाहीत.

म्हणून आज किंवा उद्या वकिलामार्फत नोटीस जाऊ द्या. भावाला आणि दोन्ही बहिणींना. स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह, शिवाय व्हॉट्सॲपवर फोटो. मजकूर इतकाच की उरलेली रक्कम तयार आहे, तिघांनी अमुक वाजता दुय्यम निबंधक कार्यालयात यावं, बोजा फेडून स्वच्छ खरेदीखत करून द्यावं. बँकेतून खात्याचा उतारा काढून ठेवा. पैसे एफडीत, भावाकडे, कापसाच्या व्यापाऱ्याकडे असे विखुरलेले असतील तर आजच एका खात्यात आणा. "पैसे होते" हे सांगून चालत नाही, दिसावे लागतात.

सोमवारी सकाळी दोन साक्षीदार घेऊन कार्यालयात जा. ते आले नाहीत तर "मी खरेदीसाठी हजर आहे, विकणारे हजर नाहीत" असा अर्ज तिथं द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. अर्ज घ्यायला कारकून कुरकुर करेल. शांतपणे उभे राहा. अगदीच घेतला नाही तर तोच मजकूर त्याच दिवशी प्रतिज्ञापत्रावर नोटरी करा आणि कार्यालयाच्या पत्त्यावर पोस्टानं टाका.

आता कडू भाग. तुमची चिठ्ठी नोंदवलेली नाही. तरी ती अगदीच वाया गेलेली नाही. करार पुरा करून मागण्याच्या दाव्यात अनोंदणीकृत इसारचिठ्ठीही पुरावा म्हणून चालते, आणि ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत दावा टाकता येतो. पण ताब्याचं संरक्षण, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३-अ, ते २००१ पासून नोंदणी असेल तरच मिळतं. तेव्हा ती नांगरटी आणि ते शेणखत विसरा. पुन्हा त्या वावरात पाय ठेवू नका. चिठ्ठीत "ताबा दिला" असं लिहिलेलं असेल तर उलट मुद्रांकाची भानगड होते, खरेदीखताइतका मुद्रांक, तोही दंडासह. आणि बहिणींची सही नाही, त्यामुळे आज कोर्टात गेलात तरी फार तर भावाच्या एक तृतीयांश हिश्श्यापुरतं पदरात पडेल.

सुटीतही जिल्हा न्यायालयात तातडीच्या कामासाठी न्यायाधीश नेमलेले असतात. भाऊ खरंच दुसऱ्याला रजिस्ट्री करून द्यायला निघाला तर तात्पुरत्या मनाईसाठी तिथं जाता येतं. "जूनमध्ये या" हे अर्धंच खरं.

दोन लाख नगदी चिठ्ठीत लिहिलेत ना? जमिनीच्या सौद्यात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम नगदी घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. दोघांचंही फक्त शेतीचं उत्पन्न असेल आणि करपात्र काही नसेल तर त्यातून सूट आहे. पण इथून पुढं एक रुपयाही नगदी नको.

धुरेकरी | बुधवार, सकाळी ९:०२

साहेब, पाया पडतो. ताबा दिला असं लिहिलेलं नाही. नगदी लिहिले आहेत. एक विचारू? दोघांचे हिस्से घेऊन टाकले आणि मोठीचा राहू दिला तर? तुकडेबंदीत (ठरावीक मापाहून लहान तुकडा विकायला बंदी) अडकेल का?

काळा कोट | बुधवार, दुपारी १:४०

अडीच एकर म्हणजे १ हेक्टर १ आर, म्हणजे १०१ आर. तिसरा हिस्सा ३३ आरच्या वर जातो. जिरायतीला २० आरची मर्यादा आहे, २०२३ पासून. म्हणजे तुकडा होत नाही. पण तुम्हाला अविभक्त हिस्सा मिळेल, नकाशावर बोट ठेवून "हे माझं" म्हणता येणार नाही. वाटणी होईपर्यंत तुम्ही आणि ती बाई सामाईक. शिवाय हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बापाकडून आलेल्या मिळकतीतला हिस्सा एक वारस बाहेरच्याला विकत असेल तर बाकीच्या वारसांना तो आधी घ्यायचा हक्क आहे. शेतजमिनीलाही तो लागू आहे, हे सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे मोठी बहीण उद्या उभी राहून म्हणू शकते, मीच घेते.

माहेरवाशीण | बुधवार, दुपारी २:१५

सगळा धागा वाचला. चिठ्ठी, नोटीस, कलम, बोजा, शेणखत, सगळं आलं. एक गोष्ट कोणी विचारली नाही. धुरेकरी भाऊ, त्या हिंगणघाटच्या बाईशी तुम्ही स्वतः बोललात का? की "ती सही देत नाही" हे तिच्या भावानं सांगितलं?

मी अशीच एक बहीण आहे. माझ्या भावानं मला "एक कागद आहे, सही कर" म्हणून तहसीलला बोलावलं. चहा पाजला. हक्कसोडपत्र होतं. मी सही केली नाही तर वर्षभर गावात मी "वाटा मागणारी" झाले. मला वाटा नको होता हो. काय भावात चाललंय, एवढं सांगायला पाहिजे होतं. २००५ पासून मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं उरलेली शंकाही काढून टाकली. पण आमच्याकडे अजून बहिणीला फोन येतो तो फक्त "आधार कार्ड घेऊन ये" एवढाच.

धुरेकरी | बुधवार, दुपारी २:३०

ताई, खरं सांगतो, नाही बोललो. त्यानंच सांगितलं.

वऱ्हाडी ठेचा | बुधवार, दुपारी २:३४

झालं. आता घे गाडी.

एक सून | गुरुवार, सकाळी ११:२०

माफ करा, मधेच घुसते. वेगळा धागा काढायला हवा, पण मलाही घाई आहे. बुलढाणा जिल्हा. माझ्या सासऱ्यांनी सहा वर्षांपूर्वी गावातल्या एकाकडून तीन लाख घेतले होते, नणंदेच्या लग्नासाठी. त्यानं गहाण म्हणून दीड एकराची सरळ खरेदीच लावून घेतली. "पैसे दिले की परत करून देतो" असं तोंडी. व्याज दर दिवाळीला देत आलो. वावर आम्हीच वाहतो. सातबाऱ्यावर मात्र त्याचं नाव. आता तो ती जमीन दुसऱ्याला विकतोय, पेपरात जाहीर सूचना आलीय, ७ दिवसांत हरकत कळवा म्हणून. आज तिसरा दिवस. सासरे बोलत नाहीत, नुसते ओट्यावर बसून असतात.

काळा कोट | गुरुवार, दुपारी १२:०५

ताई, बरं केलंत लिहिलंत.

आज दोन गोष्टी करा. जाहीर सूचना ज्या वकिलानं दिली त्याला लेखी हरकत पाठवा, स्पीड पोस्टानं, आणि शक्य असेल तर हातोहात देऊन प्रतीवर सही घ्या. त्यात लिहा की ही खरेदी म्हणजे कर्जाचं तारण आहे, ताबा आमचा आहे, व्याज दिलेलं आहे. घेणाराचं नाव कळत असेल तर त्यालाही प्रत. म्हणजे उद्या त्याला "मला माहीत नव्हतं" म्हणता येणार नाही. तुमच्या प्रकरणात या कागदाचं वजन सर्वांत जास्त आहे.

दुसरी, जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज. तेच सावकारीचे जिल्हा निबंधक असतात. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४, कलम १८. १५ वर्षांच्या आत सावकारानं कर्जापोटी जमीन बळकावली असेल, खरेदीखताच्या नावानं का असेना, तर चौकशी करून तो दस्त अवैध ठरवता येतो आणि जमीन परत देण्याचा हुकूम करता येतो. सावकाराकडे परवाना नसेल तरी हे लागू आहे. तालुक्याला सहायक निबंधकाच्या कार्यालयात विचारलंत तर अर्ज कसा करायचा ते सांगतील. साध्या कागदावर चालतो.

सगळं अवलंबून आहे पुराव्यावर. व्याज फोनपेनं दिलं असेल तर त्याच्या नोंदी काढा. खरेदीखतातली किंमत त्या वर्षीच्या सरकारी दरापेक्षा फार कमी असेल तर ते बोलकं आहे. पीकपेरा कोणाच्या नावानं लागलाय? ई-पीक पाहणी कोणी केली? पीकविमा, खताची बिलं, जिनिंगची पावती, जे तुमच्या घराच्या नावानं असेल ते सगळं एका पिशवीत घाला.

"परत करून देतो" हे त्याच खरेदीखतात लिहिलेलं असतं तर कायदा त्याला गहाण म्हणाला असता. वेगळ्या कागदावर किंवा तोंडी असेल तर दिवाणी कोर्टात वाट अवघड होते, म्हणून आधी सावकारी कायद्याची वाट धरा. वकील लागेल तर विधी सेवा समितीत अर्ज तुमच्या नावानं करा. तुम्ही बाई आहात, उत्पन्न विचारणार नाहीत.

पांदण रस्ता | गुरुवार, दुपारी १२:४०

आणि सासऱ्यांना एकटं सोडू नका, ताई. ओट्यावर बसून राहणारा माणूस मी नोकरीत फार पाहिला. त्यांनाच सोबत न्या, अर्जावर अंगठा-सही त्यांचीच लागेल. काही करतोय म्हटल्यावर माणूस उठतो.

एक सून | गुरुवार, रात्री ८:५०

हरकत दिली, सही घेतली. घेणाऱ्याचं नावही कळलं, शेजारच्याच गावचा आहे. नवऱ्यानं त्याच्या घरी प्रत नेऊन दिली. तो म्हणाला, असं असेल तर मी नाही पडत यात. उद्या सासऱ्यांना घेऊन बुलढाण्याला जातो आहोत. फोनपेमध्ये चार दिवाळ्यांच्या नोंदी सापडल्या, "व्याज" असंच लिहिलेलं आहे. नवरा चिडवायचा की तू प्रत्येक ठिकाणी टीप कशाला लिहितेस.

धुरेकरी | शनिवार, रात्री १०:३०

नोटीस गुरुवारीच गेली. लग्नाला गेलेले वकील परत आले, त्यांनीच काढली. आज बायकोला घेऊन हिंगणघाटला गेलो. ४५ डिग्रीत मोटारसायकलवर. जाताना बायको म्हणाली, तुम्ही कमी बोला.

अक्कानं (आता अक्काच म्हणतो) ताक दिलं. पहिला अर्धा तास आमच्या गावच्या माणसांची चौकशी. कोण गेलं, कोणाचं लग्न झालं. मग बायकोनंच विषय काढला. तिला भावानं सांगितलं होतं की सौदा चार लाख एकरानं झालाय, आणि तिचे लाखभर घरी आल्यावर देतो. मी चिठ्ठी दाखवली. आठ लाख. तिनं दोनदा वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली. रडली नाही. म्हणाली, "माहा भाऊ मले बाप वारल्यावर दर दिवाळीले लुगडं घेते. त्या लुगड्याच्या आडून हे चाललं होतं."

विकायला तिची ना नाही. तिसरा हिस्सा तिच्या स्वतःच्या खात्यात, भावाच्या हातून नाही. एवढंच.

माहेरवाशीण | शनिवार, रात्री १०:४१

वहिनींना माझा नमस्कार सांगा.

सातबारा बहाद्दर | रविवार, सकाळी ९:००

माझा हरकत अर्जाचा सल्ला चुकला, मान्य. पण आता बहीण तुमच्या बाजूनं आहे तर सोमवारी बहिणींकडूनच त्यांचे दोन हिस्से घेऊन टाका ना, भावाला बसू द्या.

काळा कोट | रविवार, सकाळी १०:१५

करू नका. कायद्यानं जमेल, पण कलम २२ घेऊन उद्या भाऊ उभा राहील आणि तुमचा पाच लाखांचा इसार त्याच्याकडेच आहे. तिघांना एका कागदावर आणायचं. सोमवारी हजेरीचा अर्ज द्यायचाच. मग नव्यानं इसारपत्र करा, तिघांच्या सहीचं, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं. जुने पाच लाख त्यात भावाच्या हिश्श्यात वजा दाखवा. बोजाही त्याच्याच हिश्श्यातून, कर्ज त्यानं काढलंय. उरलेली रक्कम तिघांच्या तीन खात्यांत. बुडीतची ओळ काढून टाका. त्याच्या जागी, विकणाऱ्यानं मुदतीत खरेदी करून दिली नाही तर इसार इतक्या व्याजानं परत, असं लिहा. आतापर्यंत फक्त घेणाराच बांधलेला होता.

धुरेकरी | सोमवार, सायंकाळी ६:१०

सकाळी दहाला गेलो. अक्का आणि धाकटी बहीण दोघी आल्या. तो आला नाही. साडेअकरा, एक, तीन. अर्ज लिहिला. बाबू म्हणाला, असा अर्ज आमच्याकडे नसतो. वकीलसाहेबांनी सांगितल्यासारखा उभाच राहिलो. अक्का बाकावरून म्हणाली, "लेकरा, शिक्का मारल्यानं तुही शाई सरते का?" मारला. बहिणींनीही हजर असल्याच्या सह्या केल्या.

साडेचारला त्याचा फोन. आधी शिव्या, मग गप्प, मग म्हणाला, अक्का तिथं आहे का? दे तिले. दोघं काय बोलले माहीत नाही, ती बाहेर लिंबाखाली गेली होती फोन घेऊन. परत आली तेव्हा म्हणाली, बुधवारी येते तो.

धुरेकरी | बुधवार, रात्री ९:२०

झालं. तिघांच्या सहीचं इसारपत्र नोंदवलं. खरेदी ३१ जुलैच्या आत. तोपर्यंत सोसायटीचं फेडायचं, बोजा उतरलेला सातबारा काढायचा. यंदाचं पीक त्याचंच राहील, ताबा पीक निघाल्यावर, असं कागदातच घातलं. म्हणजे माझ्या दोन ट्रॉल्या शेणखतावर यंदा त्याचं सोयाबीन येणार. बायको हसत होती. दहा लाख एकराचं गिऱ्हाईक कोण होतं विचारलं तर म्हणे, तसं कोणी नव्हतं.

एक सून | बुधवार, रात्री ९:४५

अभिनंदन दादा. आमचा अर्ज दाखल झाला, सुनावणीची नोटीस येईल म्हणाले. सासरे काल स्वतःहून वावरात गेले होते.

वऱ्हाडी ठेचा | बुधवार, रात्री ९:५०

मंग पार्टी कधी?

धुरेकरी | बुधवार, रात्री १०:०५

खरेदी होऊ दे आधी. वकीलसाहेब, एक राहिलंच. सह्या झाल्यावर अक्का म्हणाली, धुऱ्यावरचा आंबा तोडायचा नाही, तो बापानं लावलाय. मी हो म्हटलं. हे खरेदीखतात लिहायचं का?

काळा कोट | बुधवार, रात्री १०:२०

लिहा. आणि दरवर्षी एक पाटी आंबे हिंगणघाटला, तेही लिहा.

धुरेकरी | बुधवार, रात्री १०:२२

ते नाही लिहीत साहेब. ते तसंच नेऊन देईन.